खाणाऱ्याचे केस

४ ऑक्टोबर

दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू पत्र न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या सुतारकाकांकडून लिहून घेतला. ही लबाडी पहिली आणि शेवटची.

आधी कापशाची खुशाली, कारण तुला तीच हवी असणार. तुझा कुत्रा ठणठणीत आहे. मे महिन्यात तू मेंढ्या विकून कारखान्यात कामाला गेलास आणि जाताना त्याला माझ्या फाटकाला बांधून गेलास. ना चिठ्ठी, ना हाक. सकाळी दार उघडलं तर हा पांढराशुभ्र बोजा पायरीवर बसलेला, जणू मीच उशीर केलाय. आता माझ्या टेबलाखाली झोपतो, आणि वळायला मेंढ्या नाहीत म्हणून सुतारकाकांच्या कोंबड्या एका कोपऱ्यात जमवून ठेवतो. काका वैतागलेत, पण कोंबड्यांना शिस्त लागली म्हणतात.

आता कामाचं. चौदा नोव्हेंबरला समितीची बैठक आहे. वरचं कुरण मेंढ्यांना बंद केलंय ते सध्या वर्षापुरतं. त्या दिवशी ते कायमचं बंद होईल. आधार माझ्याच अहवालाचा, की लांडग्यांच्या दर तीन जेवणांत एक मेंढी असते. हे तुला नव्याने सांगायला नको. त्या एका वाक्याने तुझा आणि आणखी चार घरांचा कळप गेला.

तर बैठकीसाठी मी कागद नीट लावतेय, आणि एक बारीकशी गोष्ट अडलीय. गेल्या हिवाळ्यात तू माझ्यासाठी लांडग्यांच्या विष्ठेच्या चौऱ्याहत्तर पिशव्या भरून दिल्यास. वहीत प्रत्येक नोंदीसमोर ‘वरची वाट’ लिहिलंय. सगळ्या खरंच वरच्या वाटेवरच्याच ना? विशेष काही नाही, सहज विचारतेय. माझ्या पायाला प्लास्टर होतं, नाहीतर मीच गेले असते.

एका ओळीत कळव. ‘हो’ एवढंच लिहिलंस तरी पुरे.

तुझी बहीण


९ ऑक्टोबर

दादा,

पाच दिवसांत उत्तर येणार नाही हे मलाही कळतं. तरी पोस्टमनच्या सायकलचा आवाज आला की मी उठते. कापशाही उठतो. आम्ही दोघं फाटकापर्यंत जातो आणि परत येतो.

‘सहज विचारतेय’ असं लिहिलं होतं ना, ते खोटं होतं.

माझं काम कसं चालतं ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. ‘लेंडीबाई’ म्हणायचास आणि विषय संपवायचास. आज ऐक. पिशवीतला ऐवज मी चाळणीत घालून धुते. मागे उरतात हाडांचे तुकडे, खुरांचे कपचे आणि केस. केस पोटात विरघळत नाहीत. ते काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कळतं, हे हरीण, हे रानडुक्कर, हा ससा, ही मेंढी. पण त्यात आणखी थोडे केस असतात, ज्याने खाल्लं त्याचे स्वतःचे. अंग चाटताना पोटात जातात. ते आम्ही चिमट्याने वेगळे काढतो, छोट्या पाकिटात टाकतो आणि पाकीट बंद करतो. कोणी ती उघडत नाही. खाणारा कोण ते माहीतच असतं, त्याचे केस बघून काय करायचं?

मी उघडली ती हौसेपोटी. अहवालाच्या मुखपृष्ठावर लांडग्याच्या केसाचा छान मोठा फोटो टाकायचा होता. पहिल्याच पाकिटात केस निघाला तो पांढरा.

मी हसले. म्हटलं, माझ्या स्वेटरवरचा कापशाचा केस उडून आला. घर त्याच्या केसांनी भरलंय, चहातसुद्धा निघतात. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून गेले, टेबल स्पिरिटने पुसलं आणि दुसरं पाकीट उघडलं.

पुन्हा पांढरा. तिसऱ्यात दोन.

दादा, आपल्याकडे पांढरा लांडगा नाही. पिशव्या कुठे भरल्यास?


१७ ऑक्टोबर

दादा,

एकसष्ट.

चौऱ्याहत्तरपैकी एकसष्ट पिशव्यांत पांढरे केस. सकाळी आठला जाते आणि अंधार पडायच्या आत परत येते, मध्ये जेवायचं भान राहत नाही. काल कापशाच्या पाठीवरून चार केस कापून नेले आणि शेजारी ठेवून पाहिले. तेच. मग मागे टेकून बसले. डबा धुवायला आलेल्या मावशींनी विचारलं, कोणी गेलं का?

म्हणजे तू वर गेलाच नाहीस. मेंढ्यांच्या वाडग्याच्या मागे कापशाने जी घाण केली ती उचलून पिशवीत भरलंस आणि प्रत्येकीवर ‘वरची वाट’ लिहिलंस. त्यांतल्या अठ्ठावन्न पिशव्यांत मेंढीची लोकर आहे. कुत्र्याने मेंढी खाल्ली कुठून? मेलेली खाल्ली असणार. त्या थंडीत तुझी जनावरं दगावली असतील, तू ती मागेच टाकली असशील आणि मला सांगितलं नसशील. मी विचारलंही नव्हतं म्हणा. फोनवर मी फक्त ‘पिशव्या किती झाल्या’ एवढंच विचारायची.

मला भयंकर राग आलाय. तुला दिवसातून एकदा वरच्या वाटेने जायला काय झालं होतं? आणि एप्रिलमध्ये मी भर सभेत तो अहवाल वाचला तेव्हा तू समोर बसला होतास. तुझ्या दोन मेंढ्या नेल्या होत्या लांडग्यांनी, वर्षभरात दोन! तुला ठाऊक होतं की माझा आकडा खोटा आहे. तू टोपी हातात फिरवत बसलास आणि उठून गेलास. तुझाच कळप जात होता रे. एक शब्द बोलला असतास तर?

आता खरं काय ते ऐक. कुत्र्याच्या पिशव्या बाजूला काढल्या की वर्षभराच्या एकशे एकोणतीस उरतात. त्यांत मेंढी फक्त सहांत. बाकी हरीण, हरीण आणि हरीण. वर रानडुकरं हरणांच्या चौपट आहेत, तरी लांडगे हरणांच्याच मागे. कारण साधं आहे. डुकराचा सुळा एकदा मांडीत घुसला की तो लांडगा उरलेल्या जन्मात काही पकडत नाही. डुकराचे केस मला सापडले ते फक्त पिल्लांच्या मोसमात. ससा वाटेत आला तर. आणि मेंढी म्हणजे तिच्यामागे माणूस, कुत्रा, कुंपण. हरणं आहेत तोवर एवढी उठाठेव कोण करतो! जे जास्त दिसतं ते नाही, जे कमी जिवावर बेततं ते खातात.

आणि हरणांतलंही नेमकं कुठलं धरतात, हे तर आपण दोघांनी पाहिलंय. मी नऊ वर्षांची, तू तेरा. कुरणाच्या टोकाच्या खडकावर पालथे पडलो होतो. खाली पाच लांडगे हरणांच्या मागे दुडक्या चालीने निघालेले, काही घाई नसल्यासारखे. एक म्हातारी हरणी मागे पडली. मला वाटलं, संपली. ती वळली आणि उभी राहिली. पाय आपटला. आणि लांडगे चक्क बसले! जरा वेळाने उठले, तिला वळसा घातला, आणि पलीकडच्या उतारावर एकटंच पळत सुटलेलं एक तरणं हरीण धरलं. मी रडले तर तू म्हणालास, ‘पळालं म्हणून गेलं.’

हे आठवलं की मला एका जागी बसवत नाही. उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते.

उत्तर दे. रागावलेलं दे, पण दे.


२ नोव्हेंबर

दादा,

मोठ्या प्रयोगशाळेत दहा नमुने पाठवले होते, त्यांचा निकाल आला. दहाच्या दहा कुत्रा. तोच एक कुत्रा. आता शंकेला जागा नाही.

आमच्या विभागप्रमुख बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कुरण बंद झालं, मेंढ्या विकल्या गेल्या, लांडगे खुशीत आहेत. कोणाचं अडलंय?”

“माझ्या दादाचं.”

“बोलतो का तो तुझ्याशी?”

मी निकालाचा कागद घडी घालून ठेवला. मग त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “पुढच्या वर्षी नवी पाहणी आहे. त्यात आकडा आपोआप खाली येईल. आत्ता तू उभी राहिलीस तर तुला विचारतील, नमुने कोणी गोळा केले. काय सांगशील?”

हाच तर पेच आहे. बाहेरच्या माणसाने नमुने गोळा करायचे नाहीत, असा आमचा नियम. म्हणून मी वहीच्या कोऱ्या पानांवर ‘गोळा करणारी व्यक्ती’ या शब्दांसमोर आधीच सह्या करून तुला दिल्या होत्या. आता ‘मी गोळा केले’ म्हटलं तर मला कुत्रा आणि लांडगा कळत नाही. ‘दादाने केले’ म्हटलं तर माझ्या सह्या खोट्या आणि तू लबाड. दोन्हीकडून मीच अडकते. एका बाजूला तुलाही ओढून घेते.

खरं सांगू? गेले पाच दिवस मी गप्प बसायचंच ठरवून होते. रोज सकाळी ठरवते आणि दुपारपर्यंत मोडते. काल बाजारात ते दोघं नवरा-बायको भेटले, तुझ्या कुरणाशेजारी ज्यांचा कळप असायचा ते. ते आता एका कंपनीच्या फाटकावर पहारा करतात. बाई मला म्हणाली, “तुमचं बरंय ताई, तुमच्या जनावरांना खायला घालावं लागत नाही.” चांगल्या मनाने म्हणाली ती. मी भाजी तिथेच विसरून आले.

चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता, जुन्याच सभागृहात. मी बोलणार आहे. निदान आज तरी तसं ठरवलंय. तुझं नाव घ्यायचं की नाही ते तू कळव. तुला विचारल्याशिवाय मी घेणार नाही.

पायाला प्लास्टर नसतं तर हे काहीच झालं नसतं.


१५ नोव्हेंबर

दादा,

म्हणजे पत्रं फोडत होतास तर.

काल तू मागच्या दाराने आलास ते मला दिसलंच नाही. मी समोर उभी होते. केसांचं सांगितलं, आकडे सांगितले. अध्यक्षांनी वही उघडून माझ्या सह्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे नमुने तुम्ही स्वतः गोळा केलेत?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि मागून तुझा आवाज आला, “मी केले.”

तो निळा कोट कारखान्याचा आहे का? तुला तो मोठा होतो. बारीक झालायस.

“साहेब, पिशव्या मी भरल्या. वाडग्याच्या मागं भरल्या. आई खाटेवर होती. तिनं हाक मारली तर ऐकू येईल, तेवढ्याच लांब मला जाता यायचं. वरची वाट जाऊन-येऊन चार तासांची. थंडीनं जनावरं मेली, पुरायला जमीन फुटत नव्हती, मागं टाकली. कुत्रं खायचं. मला वाटलं, लेंडी ती लेंडी, कोणाची का असेना. हिची वही भरली म्हणजे झालं.”

“मग एप्रिलमध्ये का बोलला नाहीत?”

“तेव्हा आई जाऊन दोन महिने झाले होते. कशावरच बोलायचं नव्हतं.”

“आणि तुमची बहीण हिवाळाभर कुठे होती?”

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. “तिच्या पायाला प्लास्टर होतं साहेब. पार फेब्रुवारीपर्यंत. ती कशी येणार?”

मग तू टोपी घातलीस आणि गेलास. मी कागद टाकून मागे आले तोवर बस सुटली होती.

निकाल तुला कळला नसेल. कायमची बंदी रद्द. उन्हाळ्यापासून कुरण पाचही घरांना उघडणार, पण त्याआधी हा हिवाळाभर नव्याने मोजणी. खोट्या सह्यांबद्दल मला सूक्ष्मदर्शकावरून काढलं आणि पिशव्या भरायच्या कामावर घातलंय. वरच्या वाटेवर, आठवड्यातून तीनदा. बाईंनी हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकंच वाटलं.

पण एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तू सभेत सगळं खरं बोललास, एक वाक्य सोडून. ते खोटं आहे हे तुला ठाऊक नव्हतं. ते मीच तुझ्या तोंडी घातलं होतं.

प्लास्टर नऊ जानेवारीला निघालं.

आई गेली दोन फेब्रुवारीला. मधले चोवीस दिवस मी चालत होते. कामावर जात होते, जिने चढत होते. तू फोन केलास की मी म्हणायचे, अजून पंधरा दिवस लागतील म्हणतात डॉक्टर.

कारण तुला आठवेल. पाय मोडायच्या आधी मी आले होते, तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाली, “पाहुण्यांना बसायला दे.” मी तिच्या पायाशी बसले तर तिने संकोचाने पाय ओढून घेतले. तू हसून म्हणालास, “मला तर ती डॉक्टर म्हणते. म्हणू दे की. डॉक्टरांचं ऐकते तरी.” तुला जमलं ते. मला नाही जमलं. पुन्हा तिच्यासमोर परकी होऊन बसायची मला भीती वाटली. आणि ती भीती लपवायला मला एक मोडलेला पाय आयता मिळाला.

तू तिच्या हाकेच्या अंतरावर थांबलास म्हणून वही चुकली. मी पळाले म्हणून तुला एकट्याला थांबावं लागलं. कळप माझ्या अहवालाने गेला असं मी म्हणत होते. तो अहवालाच्याही आधी, त्या चोवीस दिवसांत गेला.

आता तू हे वाचलंस. यापुढे पत्र फोडलं नाहीस तरी मी समजून घेईन.


२७ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ते हातात न देता फाटकाच्या फटीत खोचलं होतं, कापशाने आधी वाचलं आणि एक कोपरा खाल्ला. उरलेलं मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी इथे उतरवते, म्हणजे आपल्या दोघांकडे राहील.

‘प्लास्टरचं माहीत होतं. वीस जानेवारीला आईची औषधं घ्यायला शहरात आलो होतो. तू चौकात बस धरायला पळत होतीस. दोन्ही हातांत पिशव्या. चांगली पळत होतीस. हाक मारणार होतो, मारली नाही. कुरणाचा राग कधीच नव्हता. शेवटच्या दिवशी आई शुद्धीत होती जरा वेळ. तुझं नाव घेतलं. हे सांगायचं की नाही, यातच एवढे महिने गेले.’

मी पायरीवर बसून राहिले. कापशा शेजारी येऊन बसला. सुतारकाका दोनदा कुंपणापाशी येऊन परत गेले.

दादा, तिने माझं नाव घेतलं.

हे ऐकून मला बरं वाटतंय आणि हे ऐकवतही नाहीये. तू इतके दिवस सांगितलं नाहीस तेच बरं केलंस आणि तेच वाईटही केलंस. तुझ्यावर रागावू कशी? तू मला रस्त्यात धावताना पाहिलंस, घरी जाऊन तिला औषध पाजलंस, मग माझ्यासाठी आणखी पिशव्या भरल्यास. वीस जानेवारीनंतरच्या सव्वीस आहेत, मी वहीत मोजल्या. आणि भर सभेत सगळं ठाऊक असताना माझ्याकडे बघत म्हणालास, ती कशी येणार.

काल मी समितीच्या कचेरीत एक पान देऊन आले. ‘नोंदीत दुरुस्ती: माझ्या पायाचं प्लास्टर नऊ जानेवारीला निघालं होतं. भावाला हे ठाऊक होतं की नव्हतं, याचा जाब त्याला विचारू नये.’ कारकून म्हणाला, “याचा लांडग्यांशी काय संबंध?” मी म्हटलं, पाकिटात बंद करून ठेवलेलं होतं, आता बाहेर काढलंय. त्याला काही कळलं नाही. शिक्का मात्र मारला.

तुझ्या कार्डाच्या मागे, खाल्लेल्या कोपऱ्याजवळ, आणखी तीन ओळी आहेत. ‘सहा तारखेला सुट्टी आहे. वरच्या वाटेला दुसऱ्या वळणावर दगड निसटतो, एकटी जाऊ नको. कुत्र्याला घरी ठेव.’

कापशाला सुतारकाकांकडे ठेवतेय. कोंबड्यांची तक्रार नाही.

सहा तारखेला सकाळी आठला मी वाटेच्या तोंडाशी, खडकापाशी असेन. खालून येणारा माणूस तिथून लांबून दिसतो. तू दिसलास की मला पळून जावंसं वाटेल, हे मला आत्ताच कळतंय. तू काय बोलशील ते मला माहीत नाही. काही बोलणारच नाहीस, असंही होईल.

तू पार जवळ येईपर्यंत मी जागची हलणार नाही.

लेंडीबाई